नोंदवहीत नाव नसलेला हात : ओहायोतील फार्मसी टेक्निशियन आणि ‘एमिलीचा कायदा’

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या रेनबो बेबीज अँड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये, २६ फेब्रुवारी २००६ रोजी एमिली जेरी या मुलीसाठी केमोथेरपीची एक पिशवी तयार करण्यात आली. दोनच दिवसांपूर्वी एमिलीला दोन वर्षे पूर्ण झाली होती. तिच्या पोटात कर्करोगाची गाठ निघाली होती. काही महिन्यांच्या उपचारांनंतर ती गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली होती आणि उरलेला शेवटचा टप्पा रोगाने पुन्हा डोके वर काढू नये एवढ्यासाठीच घ्यायचा होता. इटोपोसाइड हे औषध ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे आपण ज्याला साधे सलाइन म्हणतो त्यात, मिसळून शिरेतून देतात. त्या दिवशी रुग्णालयाच्या फार्मसीतील टेक्निशियनने, म्हणजे फार्मासिस्टाच्या देखरेखीखाली औषधे भरणाऱ्या मदतनीस व्यक्तीने, सलाइनची तयार पिशवी न वापरता द्रावण स्वतः बनवले, आणि त्यात २३.४ टक्के तीव्रतेचे मिठाचे द्रावण प्रमाणाबाहेर गेले. फार्मासिस्ट एरिक क्रॉप यांनी ती पिशवी तपासली आणि वॉर्डात जाऊ दिली. १ मार्च २००६ रोजी एमिलीचे निधन झाले.

रुग्णसुरक्षेच्या वर्गांत हे प्रकरण बहुधा ‘चुकीच्या तीव्रतेचे द्रावण’ या मथळ्याखाली शिकवले जाते. प्रस्तुत टिपणात ते एका वेगळ्या प्रश्नासाठी घेतले आहे. ज्या हाताने पिशवी भरली तो हात कोणाचा होता, त्याने काय शिकलेले असायला हवे होते, आणि चूक झाल्यावर राज्याच्या औषध मंडळाला त्या व्यक्तीविषयी काय करता आले, या तिन्हींची उत्तरे २००६ साली ओहायोच्या कायद्यात नव्हती. पुढच्या बारा वर्षांत ती कशी लिहिली गेली आणि त्यांतले कोणते उत्तर अपुरे ठरले, हे पाहण्याजोगे आहे.

घटनेचा तपशील

आधी आकडे पाहू. २३.४ ला ०.९ ने भागले की बरोबर २६ येतात. साध्या सलाइनच्या एका लिटरमध्ये सोडियमचे १५४ मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचे प्रमाण मोजण्याचे एकक) असतात, तर २३.४ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्येच ४ असतात, म्हणजे लिटरला ४,०००. दोन्ही द्रावणे पाण्यासारखी स्वच्छ असल्याने भरलेल्या पिशवीकडे कितीही वेळ पाहिले तरी आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. इतके खारट द्रावण रक्तात गेले की पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते, आणि हा फटका मेंदूला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बसतो.

मग असले द्रावण तिथे होतेच कशाला? कारण शिरेतून पोषण द्यायच्या पिशव्या बनवताना सोडियमचा हिशेब थेंबाथेंबाने जमवावा लागतो आणि त्यासाठी तीव्र द्रावण लागते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३ च्या सुरक्षा उद्दिष्टांतच पोटॅशियम क्लोराइड आणि ०.९ टक्क्यांहून तीव्र सोडियम क्लोराइड वॉर्डांतून हटवावे, असे सांगितले होते. नर्सच्या हाताशी असल्या कुप्या राहू नयेत, हा त्यामागचा रास्त हेतू होता. परिणामी त्या कुप्यांना योग्य जागा म्हणून फार्मसी उरली. धोका वॉर्डातून उचलला गेला तो फार्मसीच्या टेबलावर येऊन ठेपला, आणि त्या टेबलाशी प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती बहुतेक वेळा फार्मासिस्ट नसून टेक्निशियन असते. कुपी कुठे ठेवावी याचा विचार झाला होता, पण ती हाताळणाऱ्याचे शिक्षण किती असावे याचा राज्याने केला नव्हता.

त्या रविवारची परिस्थिती इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने २००९ मधील आपल्या विश्लेषणात नोंदवली आहे. सकाळी फार्मसीची संगणक यंत्रणा बंद होती आणि त्यामुळे औषधांच्या मागण्या तुंबल्या होत्या. माणसे कमी होती. क्रॉप यांना जेवणासाठी किंवा विश्रांतीसाठी उसंत मिळाली नव्हती. टेक्निशियनचे लक्ष स्वतःच्या लग्नाच्या तयारीमुळे विचलित झाले होते. केमोची पिशवी लवकर पाठवा असा नर्सचा फोन आला, पण प्रत्यक्षात ती काही तासांनी लागणार होती. यांतली एकही गोष्ट विलक्षण म्हणता येणार नाही. रुग्णालयाच्या फार्मसीत ज्याने आठवडाभर काढला आहे त्याला असा दिवस ओळखीचा वाटेल, आणि मला या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते.

तेव्हाचा कायदा, आणि तीन शब्दांचा घोळ

अमेरिकेत फार्मसीचे नियमन केंद्राकडे नसून प्रत्येक राज्याच्या औषध मंडळाकडे आहे. २००६ साली ओहायोच्या मंडळाकडे फार्मासिस्टांची आणि प्रशिक्षणार्थी फार्मासिस्टांची नोंद होती, टेक्निशियनची नव्हती. वय, शिक्षण, परीक्षा, गुन्हेगारी पार्श्वभूमी यांपैकी कशाचीही राज्याने अट घातलेली नव्हती. ज्याला फार्मसीने कामावर घेतले तो टेक्निशियन. एखाद्याला एका दुकानातून औषधचोरीसाठी काढून टाकले, तर समोरच्या दुकानात त्याने पुन्हा तेच काम धरण्यापासून त्याला अडवू शकेल अशी यादीच अस्तित्वात नव्हती.

इथे परवाना, नोंदणी आणि प्रमाणपत्र हे तीन शब्द नीट वेगळे करायला हवेत, कारण बोलताना आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. परवाना म्हणजे ठरावीक काम करण्याचा अधिकार, जो शिक्षण आणि परीक्षा पाहून राज्य देते आणि राज्यच काढून घेते. फार्मासिस्टाकडे तो असतो. नोंदणी म्हणजे ही व्यक्ती हे काम करते आहे एवढे राज्याच्या वहीत लिहिले जाणे. तिच्या अटी कडक असतील किंवा सैल असतील, पण नाव वहीत असल्यामुळे ते वहीतून खोडता येते. प्रमाणपत्र हे बहुधा राज्याबाहेरची, व्यावसायिकांनी उभारलेली संस्था परीक्षा घेऊन देते. त्याने ज्ञानाचा पुरावा मिळतो, पण काम करण्याचा अधिकार मिळतोच असे नाही, आणि राज्याने कायद्यात त्याचा उल्लेख केला नाही तर ते घेण्याची सक्तीही राहत नाही.

टेक्निशियनसाठी अशी परीक्षा २००६ च्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होती. फार्मसी टेक्निशियन सर्टिफिकेशन बोर्ड, ज्याला सगळे पीटीसीबी म्हणतात, ते १९९५ मध्ये स्थापन झाले. फार्मासिस्टांच्या दोन राष्ट्रीय संघटना आणि इलिनॉय व मिशिगन या राज्यांतील संघटना त्यामागे होत्या. काही राज्यांनी आपल्या नियमांत या प्रमाणपत्राला स्थान दिले होते, ओहायोने दिले नव्हते. म्हणजे मोजण्याची पट्टी हाताशी होती. तिने कोणाला मोजायचे, हे ठरवणारे कोणी नव्हते.

परिणाम कोणाच्या वाट्याला आले

मंडळाने एप्रिल २००७ मध्ये क्रॉप यांचा परवाना रद्द केला. त्यानंतर सरकारी वकिलांनी त्यांच्यावर बेपर्वाईने मृत्यू घडवल्याचा आणि सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला. मे २००९ मध्ये त्यांनी दुसऱ्या आरोपाला ‘प्रतिवाद नाही’ असे, म्हणजे गुन्हा कबूल न करता आरोपाला आव्हानही न देणारे, उत्तर दिले आणि ऑगस्ट २००९ मध्ये त्यांना शिक्षा झाली : सहा महिने तुरुंगवास, त्यानंतर सहा महिने इलेक्ट्रॉनिक देखरेखीखाली घरातच स्थानबद्धता, तीन वर्षे परिवीक्षा (प्रोबेशन), ४०० तास समाजसेवा आणि ५,००० डॉलर दंड.

टेक्निशियनवर फौजदारी खटला झाला नाही. मंडळालाही तिच्यावर कारवाई करता आली नाही, कारण रद्द करायला तिच्याकडे परवाना नव्हता आणि खोडायला वहीत नाव नव्हते. तिला तुरुंगात टाकायला हवे होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. क्रॉप यांनाही तिथे पाठवायला नको होते असे इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेसचे मत होते आणि ते मला पटते. एका माणसाच्या चुकीला गुन्हा ठरवले की बाकीचे आपापल्या चुका लपवायला शिकतात आणि यंत्रणेतले दोष जिथल्या तिथे राहतात. पण शिक्षा आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळाने त्या टेक्निशियनला बोलावून काय घडले ते विचारणे, तिला काही काळ कामापासून दूर ठेवणे, पुन्हा शिकायला लावणे, इतके सौम्य मार्गही उपलब्ध नव्हते. परवाना एकाच्या खिशात असल्याने सगळा भार त्या एका खिशावर आला. नोंदणीच्या बाजूने आजवर जे युक्तिवाद ऐकले त्यांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. नोंदणी चूक थांबवत नाही, पण चुकीला एकाहून अधिक धनी आहेत हे ती कागदावर मान्य करते.

२००९ चा कायदा आणि त्यातली उणीव

एमिलीचे वडील ख्रिस्तोफर जेरी यांनी टेक्निशियनच्या प्रशिक्षणाचा प्रश्न लावून धरला. ओहायोच्या विधिमंडळाने सिनेट विधेयक २०३ मंजूर केले आणि राज्यपाल टेड स्ट्रिकलंड यांनी जानेवारी २००९ मध्ये त्यावर सही केली. लोक त्याला एमिलीचा कायदा म्हणतात. त्यानुसार टेक्निशियन होण्यासाठी किमान १८ वर्षे वय, माध्यमिक शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि मंडळाने मान्य केलेली परीक्षा उत्तीर्ण होणे या अटी लागू झाल्या. अपात्र व्यक्तीने जाणूनबुजून हे काम करणे हा गुन्हा ठरला, आणि फार्मासिस्टाने तसे जाणूनबुजून करू देणे हाही.

कागदावर हे चांगले दिसते. मात्र या कायद्याने पात्रता ठरवली, वही उघडली नाही. अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत हे पाहण्याचे काम मालकावर सोपवले गेले. राज्यात किती टेक्निशियन आहेत, कुठे आहेत, कोणाला कशासाठी काढले, हे मंडळाला आधीइतकेच अज्ञात राहिले. ज्या अडचणीतून कायद्याची मागणी उभी राहिली तिचा अर्धा भाग, म्हणजे चूक झाल्यावर मंडळाला त्या व्यक्तीपर्यंत पोहोचता न येणे, जसाच्या तसा राहिला. दुःखद घटनेनंतर घाईने होणाऱ्या कायद्यांत असे वारंवार दिसते. बातमीत ‘तिला पुरेसे प्रशिक्षण नव्हते’ हे वाक्य ठळक असते म्हणून प्रशिक्षणाचे कलम येते. ‘मंडळाकडे तिचे नावच नव्हते’ हे वाक्य रुक्ष असल्यामुळे मागे पडते.

ही उणीव दुरुस्त व्हायला आणखी आठ वर्षे लागली, आणि तेव्हा कारण प्रामुख्याने वेगळे होते. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, वेदनाशामकांच्या गैरवापराने ओहायो पोखरले गेले होते आणि औषधे कोणाच्या हातांतून जातात यावर राज्याला नजर हवी होती. जानेवारी २०१७ मध्ये सही झालेल्या सिनेट विधेयक ३१९ ने टेक्निशियनची नोंदणी सक्तीची केली. ६ एप्रिल २०१८ पासून नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही.

त्यासाठी तीन पायऱ्या आहेत. पहिली प्रशिक्षणार्थी टेक्निशियनची, मर्यादित मुदतीची. दुसरी नोंदणीकृत टेक्निशियनची, ज्यासाठी मंडळाने मान्य केलेले, बहुधा मालकानेच चालवलेले प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तिसरी प्रमाणित टेक्निशियनची, ज्यासाठी राष्ट्रीय संस्थेचे चालू प्रमाणपत्र लागते आणि ते पुढेही चालू ठेवावे लागते. बोटांचे ठसे देऊन राज्य आणि एफबीआय या दोन्हींकडून पार्श्वभूमीची तपासणी होते. वरच्या पायरीला कामाची कक्षा सर्वांत मोठी आहे. निर्जंतुक औषधे तयार करणे आणि डॉक्टरकडून फोनवर सांगितलेली चिठ्ठी उतरवून घेणे या दोन्ही गोष्टी त्यात येतात. मंडळाला आता चौकशी करता येते, नोंदणी निलंबित किंवा रद्द करता येते, आणि कोणाची नोंदणी चालू आहे हे राज्याच्या परवाना संकेतस्थळावर कोणालाही नाव घालून पाहता येते.

इतर राज्यांची चाल एकसारखी नाही. पेनसिल्व्हेनियाने नोंदणीचा कायदा २०२० साली केला. एका राज्यातला नोंदणीकृत टेक्निशियन दुसऱ्या राज्यात गेला की त्याला तिथली नोंदणी नव्याने करावी लागते. पीटीसीबीचे प्रमाणपत्र तेवढे देशभर सोबत नेता येते, आणि म्हणूनच व्यवसायात टिकायचे ठरवलेले लोक सक्ती नसतानाही ते घेतात.

परीक्षेत काय असते

२०२० पासून पीटीसीबीच्या परीक्षेला बसण्यासाठी दोन वाटा आहेत. एकतर बोर्डाने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा, नाहीतर कामाचा किमान ५०० तासांचा अनुभव दाखवावा. परीक्षेत ९० बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यांतले ८० गुणांसाठी धरले जातात. गुण १,००० ते १,६०० या पट्टीवर मांडतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी १,४०० लागतात. औषधांची माहिती, केंद्रीय कायदे, रुग्णसुरक्षा व गुणवत्ता, आणि चिठ्ठी नोंदवून तिच्यावर पुढची प्रक्रिया करणे, असे चार विभाग आहेत. दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी २० तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यात कायदा व रुग्णसुरक्षा यांचा किमान एकेक तास बंधनकारक आहे. निर्जंतुक औषधे बनवणाऱ्यांसाठी बोर्डाने २०१७ मध्ये वेगळे, वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र सुरू केले.

हे प्रमाणपत्र २००६ साली त्या टेक्निशियनकडे असते तर एमिली वाचली असती का, हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो. ज्याने तीव्रतेची गणिते हाताने सोडवली आहेत त्याच्या मनात २३.४ हा आकडा पाहून निदान शंका तरी डोकावली असती, हे खरे. पण परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूसही घाईत चुकीची कुपी उचलतो, आणि त्या दिवशी ज्यांच्याकडे पदवी, परवाना आणि अनुभव असे सगळे होते त्यांच्याही नजरेतून ती पिशवी सुटलीच. कारण तपासणीची पद्धतच तशी होती. पिशवी भरून झाल्यावर फार्मासिस्टाला दिसते ती शेजारी ठेवलेली कुपी आणि मागे ओढून ठेवलेली सिरिंज. त्यावरून आत काय आणि किती गेले असेल याचा तो अंदाज बांधतो. हे झालेल्या कामाचे साक्षीपुरावे गोळा करणे झाले. कुपीचा बारकोड भरण्याआधी वाचणे, प्रत्येक टप्प्यावर वजन करणे, छायाचित्र घेणे, अशी साधने नंतर आली, आणि निर्जंतुक औषधे बनवण्याविषयी इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोख त्याच दिशेने आहे. तेव्हा सरळ उत्तर असे की प्रमाणपत्राने चुकीची शक्यता कमी झाली असती, पण चूक होणारच नाही याची खात्री देण्याचे काम प्रमाणपत्राचे नव्हतेच.

आपल्याकडे हे प्रकरण कसे वाचावे

आपल्या देशात टेक्निशियन असा वर्गच कायद्यात नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध बनवणे, मिसळणे आणि देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टाशिवाय कोणीही करायचे नाही. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देतात तो अपवाद. नोंदणीसाठी किमान पात्रता डी. फार्म., म्हणजे बारावी विज्ञाननंतरची दोन वर्षे आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. अमेरिकेत टेक्निशियनला परीक्षेला बसण्यासाठी लागणारा अनुभव आणि आपल्याकडे पूर्ण फार्मासिस्ट होण्यासाठी लागणारे प्रशिक्षण, दोन्हींत तासांचा आकडा एकच निघावा हा योगायोग खरा, पण एकदा लक्षात आला की विसरता येत नाही. २०२२ च्या नियमावलीने डी. फार्म. झालेल्यांना नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षाही लावली आहे.

म्हणजे कागदावर आपला कायदा २००६ च्या ओहायोपेक्षा कितीतरी कडक. पण कोणत्याही गावातल्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सातच्या गर्दीत उभे राहून पाहावे. भिंतीवर चौकटीत महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेचे प्रमाणपत्र टांगलेले असते, आणि चिठ्ठी वाचून गोळ्यांची पट्टी कापून देणारा मुलगा अनेकदा दुसराच असतो. त्याला कोणी फार्मासिस्ट म्हणत नाही. तो ‘मेडिकलमधला पोऱ्या’ असतो, आणि पाच-दहा वर्षांत औषधांची नावे, कंपन्या, कोणत्या डॉक्टरचे अक्षर कसे वाचायचे हे सगळे त्याला तोंडपाठ झालेले असते. काही ठिकाणी तर प्रमाणपत्रावर नाव असलेली व्यक्ती दुकानात येतही नाही. ‘सर्टिफिकेट भाड्याने लावणे’ हा शब्दप्रयोग या धंद्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रुग्णालयांतही वेगळे चित्र नाही. केमोची औषधे कित्येक ठिकाणी फार्मसीत तयार न होता वॉर्डात नर्सच मिसळतात, आणि पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या साध्या पाण्याच्या कुप्यांशेजारच्या खणात सापडणे ही तपासणीला येणाऱ्या मंडळींच्या अनुभवातली गोष्ट आहे.

ओहायोत तो हात मान्य होता, पण त्याची नोंद नव्हती. आपल्याकडे तो हात मान्यच नाही, त्यामुळे त्याची नोंद करण्याचा विषयही निघत नाही. आणि विषय निघत नाही म्हणून त्याला शिकवायची जबाबदारीही कोणावर येत नाही. मदतनीसांचा वेगळा वर्ग मान्य केला तर मालक फार्मासिस्टाऐवजी स्वस्तातला मदतनीस ठेवतील आणि दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या हजारो मुलांच्या पोटावर पाय येईल, ही फार्मासिस्ट संघटनांची भीती निराधार नाही. मला स्वतःला असे वाटते की एका फार्मासिस्टामागे किती मदतनीस असावेत याची मर्यादा आणि कोणत्या कामांना त्यांनी हात लावायचा नाही याची यादी आधी ठरली, तर नोंदणीने फार्मासिस्टाचे स्थान घटण्याऐवजी वाढेल. देखरेख करणाऱ्याचे अस्तित्व तेव्हा भिंतीवरच्या चौकटीपुरते उरणार नाही. पण सध्या तरी हा वाद सुरूही झालेला नाही.

एका वेगळ्या कारणानेही अमेरिकेतले हे नियम मराठी घरांपर्यंत पोहोचले आहेत. भारतातून बी. फार्म. करून, लग्नानंतर किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या अनेक मुलींना पहिला धक्का बसतो तो असा की परदेशी पदवीधरांना फार्मासिस्ट होण्यासाठी जी समकक्षता परीक्षा द्यावी लागते, तिच्यासाठी १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो, आणि आपली बी. फार्म. चार वर्षांची आहे. २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म. डी. या अटीत बसतो. बाकीच्यांसाठी, काम करण्याची परवानगी हाती आली की, टेक्निशियनची नोंदणी हा सर्वांत जवळचा मार्ग उरतो. ज्यांनी महाराष्ट्रात फार्मासिस्ट म्हणून सही केली आहे त्यांना तिथे दुसऱ्याच्या सहीखाली काम करावे लागते. त्यांनी आपल्या राज्याचे नियम मंडळाच्या संकेतस्थळावरूनच वाचावेत, ओळखीच्या कोणी सांगितले म्हणून परीक्षेचे पैसे आधी भरू नयेत. काही राज्यांत प्रशिक्षणार्थी म्हणून नोंद झाल्याशिवाय काउंटरच्या आत पाऊल ठेवता येत नाही, तर काही राज्यांत प्रमाणपत्र लागतच नाही.

नंतरची हकिकत

ख्रिस्तोफर जेरी यांनी मुलीच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. टेक्निशियनविषयी कोणत्या राज्याचे नियम किती पक्के आहेत याचे गुणपत्रक हे प्रतिष्ठान मांडते. जेरी यांनी क्रॉप यांना जाहीरपणे क्षमा केली, आणि शिक्षा भोगून आल्यानंतर क्रॉप त्यांच्यासोबत एकाच व्यासपीठावरून फार्मासिस्टांपुढे बोलले आहेत.

ओहायोच्या आजच्या नोंदणी कायद्यात माध्यमिक शिक्षणाच्या अटीला लागूनच एक सवलत आहे. ८ एप्रिल २००९ च्या आधीपासून जे अखंड टेक्निशियनचे काम करत आले आहेत त्यांना शालेय दाखल्याची अट माफ आहे. म्हणजे एमिलीची पिशवी भरली गेली तेव्हा राज्यातल्या फार्मस्यांमध्ये जे हात कोणाच्याही मोजणीत नव्हते, त्यांतले काही अजूनही औषधे भरत असतील. आता त्यांना नोंदणी क्रमांक आहे.